घंटेखालचं पिल्लू



दहा दिवस इथे काहीच लिहिलं नाही. काहींनी मेसेज करून विचारलं, ताई, बरी आहेस ना? बरी आहे. पोथीसमोर बसायला तोंड नव्हतं, म्हणून वाचन थांबलं होतं. आजचं वाचन मार्कंडेय पुराण, अध्याय २. पण आधी काय घडलं ते सांगते, नाहीतर या अध्यायावर मी काहीही लिहिलं तरी ते खोटं होईल.

तुम्हाला माहीत आहे, सध्या मी मामाकडे, गुहागर तालुक्यात राहून ऑफिसचं काम करते आहे. मामीकडे चार-पाच कोंबड्या आहेत. त्यातल्या एकीने सात पिल्लं काढली आणि तिसऱ्याच दिवशी, भर दुपारी, मुंगसाने तिला मारलं. पिल्लं पाचोळ्यात दडून बसली होती. सातही सापडली. मामी म्हणाली, "डाल्याखाली घालून चुलीच्या बाजूला ठेवूया, ऊब राहते." डालं म्हणजे बांबूची मोठी टोपली, उपडी घालून तिच्याखाली कोंबड्या झाकतात.

मी म्हटलं, नको मामी, तिथे धूर असतो, मी बघते. यूट्यूबवर दोन व्हिडिओ पाहिले, पुठ्ठ्याचं खोकं आणलं, वर साठ वॉटचा बल्ब टांगला. मामी एवढंच म्हणाली, "अगो, इकडे पावसात दिवे जातात." मी हो हो केलं आणि खोकं माझ्या खोलीत नेलं.

रात्री कधीतरी दिवे गेले. पिल्लं गारठली की ऊब शोधत एकमेकांच्या अंगावर चढतात. कोपऱ्यात ढीग होतो आणि खालची गुदमरतात. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. खोकं माझ्या पलंगापासून चार हातांवर होतं. ती ओरडली असणार. एवढंसं पिल्लू गारठल्यावर केवढ्याने ओरडतं, ते आता मला चांगलं माहीत आहे. पण माझ्या कानात हेडफोन होते. कीर्तन लावून झोपले होते मी.

सकाळी सहा मेलेली होती. सातवं ढिगाच्या वर होतं, म्हणून वाचलं.

मामाने परसात माडाच्या मुळाशी खड्डा खणला. मामी मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मैत्रिणीला फोन केला, तर ती म्हणाली, "त्यांचं आयुष्यच तेवढं होतं गं, प्रारब्ध." तिने प्रेमानेच म्हटलं. पण खरं सांगू का, ते ऐकून मला हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाचीच मला लाज वाटली.

त्या सातव्याला रडत बसायला वेळ नव्हता. एकटं पिल्लू वाढवणं सात पिल्लं वाढवण्यापेक्षा कठीण असतं. सात असली की ती एकमेकांना ऊब देतात, एकाने दाणा टिपला की दुसरं बघून टिपतं, झोपताना अंगाला अंग लागतं. एकट्याला यातलं काहीच नसतं. ते सतत हाक मारतं. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी चालते. मी गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून ठेवायची आणि दर दोन तासांनी पाणी बदलायची. या वेळी डालं, आणि चुलीची बाजू. धूर बिर काही नाही तिथे, मामीची चूल तशी नाहीच.

मामीने जाळी झटकायची पिसांची झटकणी डाल्याला आतून अशी बांधली की पिसं जमिनीपासून चार बोटं वर राहिली. पिल्लू सरळ त्यात शिरलं, आईच्या पंखाखाली शिरावं तसं. समोर छोटा आरसा ठेवला. आरशातल्या पिल्लाशी ते अर्धा तास बोलत राहिलं. मला बघवेना, पण ते शांत झालं. बाटलीच्या झाकणात पाणी, त्यात खडे टाकले, म्हणजे पिताना डोकं बुडून जीव जायचा नाही. चोच एकदा पाण्यात बुडवून दाखवावी लागली. कणी टाकली तर खाईना. मामी म्हणाली, "त्याला कोण दाखवणार? तू टोच." मग मी जमिनीवर उकिडवी बसून बोटाने कणीवर टकटक करायला लागले. तिसऱ्या टकटकीला त्याने माझ्या नखाशेजारचा दाणा उचलला. चौथ्या दिवशी त्याच्या शेपटीखाली विष्ठा चिकटून घट्ट झाली. ती तशीच राहिली तर वाट बंद होऊन पिल्लू मरतं, म्हणून कोमट पाण्याच्या कापसाने भिजवून भिजवून काढली. ऑफिसची मीटिंग म्यूटवर, आणि पिल्लू जॅकेटच्या खिशात.

या सगळ्यात पाचव्या दिवशी पोथी उघडली. जिथे खूण होती तिथूनच वाचायचा नेम आहे. खूण होती दुसऱ्या अध्यायावर.

कथा तुम्हाला वेगळ्या रूपात माहीत असेल. व्हॉट्सॲपवर फिरते ती अशी: कुरुक्षेत्रावर एक पक्षीण श्रीकृष्णाला म्हणते, माझ्या पिल्लांना वाचव. भगवंत हत्तीच्या गळ्यातली घंटा पाडतात, युद्धानंतर ती उचलतात, आणि आतून पिल्लं सुखरूप बाहेर येतात. श्रद्धा ठेवा, शेअर करा. गोष्ट गोड आहे. पण पुराणातली कथा इतकी सोपी नाही. तिथे आई वाचतच नाही. तार्क्षी नावाची ही पक्षीण पोटात अंडी घेऊन रणावरून उडत असते आणि अर्जुनाचा बाण तिचं पोट फाडून जातो. चार अंडी जमिनीवर पडतात. त्याच क्षणी भगदत्ताच्या सुप्रतीक हत्तीची घंटा बाणाने तुटते आणि त्यांच्यावर उपडी पडते. आजूबाजूला अठरा अक्षौहिणी सैन्य मरतंय, आणि घंटेखाली चार अंडी उबत आहेत.

युद्ध संपतं. शमीक ऋषी शिष्यांसह तिथून चालले असताना त्यांना चिवचिव ऐकू येते. ते घंटा उपटून काढतात. आत पंख न फुटलेली, आईबाप नसलेली चार पिल्लं.

मी इथे थांबले. आजवर मला वाटायचं, घंटा पडली तिथेच कृपा पूर्ण झाली. पण जरा विचार करा. शमीकांना ती चिवचिव ऐकू आली नसती तर? ज्या घंटेने वाचवलं, तिच्याच आत ती मेली असती. डालं झाकलं की पिल्लू मुंगसापासून वाचतं. पण झाकून विसरलं तर डाल्याखालीच जातं. शमीकांच्या कानात त्या वेळी दुसरं काही नव्हतं.

पुढे ते बोलतात, ते माझ्या मैत्रिणीच्या बोलण्याच्या जवळचंच आहे. अंडी पडणं काय, घंटा पडणं काय, सगळं जुळून आलं, हे दैवच, असं ते म्हणतात. मग शिष्यांना सांगतात, यांना आश्रमात न्या, आणि जिथे मांजर, उंदीर, ससाणा, मुंगूस यांचं भय नाही अशा जागी ठेवा. (मुंगूस! पोथीत हा शब्द वाचून मी अक्षरशः दचकले.) आणि लगेच स्वतःच शंका काढतात, की एवढी काळजी तरी कशाला? जीव आपल्या कर्मानेच मरतात आणि कर्मानेच वाचतात, ही पिल्लं वाचलीच ना. त्यावर त्यांचंच उत्तर, तरीही माणसाने प्रत्येक कामात प्रयत्न करायलाच हवा. जो प्रयत्न करतो त्याला सज्जन दोष देत नाहीत.

तुमच्यापैकी बरेच जण विचारतात, सगळं आधीच ठरलेलं असेल तर मी धडपडू कशाला? शमीकांनी हा प्रश्न टाळलेला नाही. पण ते तो कधी विचारतात, ते बघा. घंटा उचलून झाल्यावर, पिल्लं हातात असताना, कुठे ठेवायची ते सांगून झाल्यावर. आणि विचारून झाल्यावर ती खाली ठेवत नाहीत. पुढे रोज दाणापाणी आणि राखण चालूच राहते. वाचलेल्या पिल्लाकडे बघून ते दैव म्हणतात, म्हणजे हात जोडतात. मी मेलेल्या सहांकडे बघून दैव म्हणत होते, म्हणजे हात झटकत होते. शब्द तोच आहे. आणि उत्तराचं शेवटचं वाक्य माझ्या बाजूने नाही, हेही मला दिसतं. मामीने सांगितलेलं ऐकणं हाच त्या रात्रीचा प्रयत्न होता, आणि तो मी केला नाही.

ती चार पिल्लं पुढे कोण झाली माहीत आहे? महिनाभरात उडाली, मोठी झाली, विंध्य पर्वतावर राहू लागली. महाभारताबद्दल चार शंका घेऊन जैमिनी मार्कंडेयांकडे गेले, तेव्हा मार्कंडेयांनी त्यांना या पक्ष्यांकडे पाठवलं. आपण नवरात्रात जी सप्तशती वाचतो ती याच पुराणात आहे, आणि जैमिनींच्या कानी ती या पक्ष्यांच्याच तोंडून पडते. जैमिनींची चौथी शंका अशी: द्रौपदीची पाच मुलं, पांडवांसारखे रक्षणकर्ते असताना, अनाथासारखी कशी मारली गेली? ती मुलं रात्री छावणीत झोपेत मारली गेली. पुराणात उत्तर आहे, ते विश्वेदेव होते, त्यांना विश्वामित्रांचा शाप होता. त्यासाठी पक्षी हरिश्चंद्राची सगळी कथा सांगतात. ते उत्तर मी मानते. पण त्या रात्री मला उत्तराहून जास्त धरून ठेवलं ते प्रश्नाने. रक्षणकर्ते असताना. आणि हा प्रश्न कुणाकडे पाठवला गेला? जे स्वतः आईच्या फाटलेल्या पोटातून पडले आणि घंटेखाली वाचले, त्यांच्याकडे.

पिल्लाचं आता. दहाव्या दिवसापर्यंत ते मला इतकं लागलं होतं की मी उठून न्हाणीघरात गेले तरी किंचाळायचं. मला ते आवडायला लागलं होतं, कबूल करते. मामीने बरोबर ओळखलं. म्हणाली, "तू पुण्याला गेलीस की ते काय करणार? त्याला त्याची जात हवी." मामाने खालच्या वाडीतून साधारण त्याच वयाची दोन पिल्लं आणली. (मामाकडे कोंबड्या कशासाठी पाळतात, ते मला माहीत आहे. माझ्या गळ्यात माळ आहे. या पिल्लाबद्दल मी मामीला काही विचारलेलं नाही आणि तिनेही काही सांगितलेलं नाही. ते उत्तर आज माझ्याकडे नाही.)

त्या दोघांना बघून ते घाबरलं. आरशातलं पिल्लू टोचत नाही, ही टोचत होती. पळत येऊन माझ्या मांडीखाली शिरलं. मामी म्हणाली, "हात काढ. लांब बस." मी दारापाशी जाऊन बसले. तासभर ते माझ्या दिशेने ओरडत राहिलं. मग एकाने कणी टिपायला सुरुवात केली, दुसऱ्याने टिपली, आणि हेही त्यांच्या बाजूला जाऊन टिपायला लागलं. माझ्याकडे न बघता.

काल रात्री दिवे गेले. मी स्वयंपाकघरातच चटई टाकून झोपले होते, कान मोकळे ठेवून. उठून बॅटरी लावली, डालं जरासं उचललं. ढीग नव्हता. तिघं झटकणीखाली एका रांगेत बसली होती, मधलं आमचं. चूल कोमट होती. मी बाटलीत गरम पाणी भरलं, मोज्यात घातली, त्यांच्या बाजूला ठेवली आणि डालं परत झाकलं. तीन वेळा उठले, पहाटेपर्यंत.

उद्यापासून नेहमीच्या वेळी, अध्याय ३.

रामकृष्ण हरी.