ओली वाळू कोणाची?

समुद्रकिनारा निवडण्याची वेळ आपल्यावर सहसा येत नाही. मुंबईत वाढलेला माणूस चौपाटीवर जातो तो तिची निवड करून नव्हे. ती तेथे असते आणि संध्याकाळी पाय तिकडे वळतात, एवढेच. बॉस्टनजवळ मुलाच्या घरी काही महिने राहण्याचा योग आला आणि उन्हाळ्याच्या सुटीतले चार दिवस मार्थाज व्हिनयार्ड या बेटावर काढायचे ठरले, तेव्हा हा निवडीचा प्रसंग प्रथमच माझ्या वाट्याला आला. वुड्स होलच्या धक्क्यावरून बोटीने सुमारे पाऊण तासात ते बेट येते. बोटीतच मुलाने नकाशा मांडीवर पसरला आणि यादी वाचावयास सुरुवात केली. कोणत्या पुळणी सर्वांना खुल्या, कोणत्या केवळ त्या त्या गावच्या रहिवाशांना, आणि कोणत्या कोणा एकाच्या मालकीच्या. जी भूमी चहूबाजूंनी समुद्राने वेढली आहे, तेथे समुद्राला भेटण्यासाठी यादी लागावी याचे मला नवल वाटले. ‘सार्वजनिक’ हे विशेषण आकाशाला कोणी लावीत नाही. ते जेव्हा समुद्राच्या वाळूला लावावे लागते, तेव्हा काहीतरी आधीच हातचे गेलेले असते.

काय गेले, याचा इतिहास शोधू लागलो तर तो फार मागे जातो. इसवी सन ५३३ मध्ये जस्टिनियनच्या आज्ञेने रोमन कायद्याची जी पाठ्यसंहिता सिद्ध झाली, तीत वायू, वाहते पाणी, समुद्र आणि म्हणून समुद्राचा किनाराही, निसर्गनियमाने सर्वांचा मानला आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९६ साली, बियास नदीकाठच्या एका प्रकरणाचा निर्णय देताना, याच विचारधारेचा आधार घेतला आणि नदी, समुद्रकिनारा, वने अशा संपत्तीचे शासन हे मालक नसून विश्वस्त आहे, असे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग म्हणून मान्य केले. अमेरिकेच्या बहुतेक सागरी राज्यांतही भरतीच्या रेषेखालची ओली वाळू लोकांची समजली जाते. मॅसॅच्युसेट्स मात्र त्याला अपवाद आहे. सतराव्या शतकात, १६४१ आणि १६४७ च्या नियमांनी, त्या वसाहतीने किनाऱ्याच्या मालकाचा हक्क ओहोटीच्या रेषेपर्यंत नेला. हेतू वाईट नव्हता. व्यापारासाठी धक्के हवे होते, वसाहतीपाशी पैसा नव्हता. ज्याची जमीन त्यानेच धक्का बांधावा, म्हणून त्याला पुढची ओली वाळू मिळाली. लोकांसाठी तीन गोष्टी राखून ठेवल्या: मासेमारी, पक्ष्यांची शिकार आणि नौकानयन.

त्या तीन शब्दांनी आजही तेथील पावले मोजली जातात. १९०७ साली त्या राज्याच्या न्यायालयाने निर्वाळा दिला की, या राखीव हक्कांत पुळणीवर स्नानासाठी येण्याचा हक्क बसत नाही. १९७४ साली ओल्या वाळूवरून लोकांना चालता यावे यासाठी एक विधेयक पुढे आले, तेव्हा मोबदल्यावाचून असा हक्क देणे म्हणजे मालकाची मालमत्ता काढून घेणे होय, असे मत न्यायमूर्तींनी दिले. परिणामी हातात गळ घेतलेला मनुष्य जेथून हक्काने जाऊ शकतो, तेथून हातात पुस्तक घेतलेला जाऊ शकत नाही. समुद्रातून काही काढून न्यावयाचे असेल तर वाट मोकळी. नुसते पाहावयाचे असेल तर परवानगी हवी. कायद्याचा हा विनोद नाही. शब्द राहून गेले आणि जीवन पुढे निघून गेले, म्हणजे असे होते.

आम्ही भाड्याने घेतलेले घर चिल्मार्क गावात होते. त्यामुळे त्या गावच्या लूसी व्हिन्सेंट या पुळणीचा पास आम्हाला मिळाला. उन्हाळ्याच्या हंगामात तेथे गावचे रहिवासी आणि गावात घर भाड्याने घेतलेले लोक यांनाच प्रवेश असतो. मी तत्त्वाचा आव आणून घरी बसलो नाही. पहिल्या सकाळी सर्वांबरोबर गेलो आणि मला फार आनंद झाला, हे येथे लपवून उपयोग नाही. गर्दी नाही, गोंगाट नाही, लाटांचा आवाज तेवढा. परंतु बोटीत माझ्या नातीची एका मुलीशी मैत्री झाली होती आणि तिलाही आज बोलवावे असा तिचा हट्ट होता. तिचे कुटुंब दुसऱ्या गावी उतरले होते.

“आजोबा, ती का नाही येऊ शकत?” नातीने विचारले.

“तिच्याकडे पास नाही ना, बाळा,” मी म्हणालो.

उत्तर बरोबर होते. पण हे वाक्य आपण पूर्वी कोठेतरी उच्चारले आहे, असे मला वाटत राहिले. त्या शांततेचा अर्धा भाग समुद्राचा होता. उरलेला अर्धा न आलेल्या माणसांचा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही ओक ब्लफ्स गावी त्या मुलीच्या कुटुंबाला भेटलो. तेथील सार्वजनिक पुळणीला ‘इंकवेल’, म्हणजे शाईची दौत, म्हणतात. तेथे जमणाऱ्या कृष्णवर्णीयांना हिणवण्यासाठी हे नाव पडले आणि पुढे त्यांनीच ते अभिमानाने धारण केले, असे सांगितले जाते. याच गावात १९१२ साली शीअरर कॉटेज हे अतिथिगृह सुरू झाले, कारण इतर हॉटेले कृष्णवर्णीय पाहुण्यांना घेत नसत. १९४६ पासून उन्हाळ्याच्या सकाळी येथे एकत्र पोहणाऱ्यांचा एक मेळा भरत आला आहे. पुळण लहान आहे, वाळू पहिल्या दिवसाइतकी देखणी नाही. पण तेथे उभे असताना एका मराठी माणसाला महाडचे चवदार तळे आठवले नाही तरच नवल. दोन इतिहास एक नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरीही एक गोष्ट विसरता येत नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा ठराव मुंबईच्या विधिमंडळात १९२३ साली झाला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी आणि त्यांच्यासोबतच्या हजारोंनी ते पाणी प्राशन केले. आणि तेव्हा विरोधकांनी न्यायालयात जो दावा लावला तो असा, की हे तळे सार्वजनिक नाहीच, ते खाजगी आहे. उच्च न्यायालयाचा अंतिम निर्णय तळे खुले ठेवणारा ठरला, पण त्यासाठी १९३७ साल उजाडावे लागले. माणसाला दूर ठेवण्याचा उघड मार्ग बंद झाला, की मालकीची वाट सापडते.

मग सर्वच कुंपणे मोडावीत काय? तसे म्हणणे सोपे आहे आणि म्हणूनच संशयास्पद आहे. त्या बेटावर वाळूत घरटे करणारा एक लहानसा चिखल्या पक्षी आहे. त्याच्या विणीच्या काळात पुळणीचे काही भाग दोर लावून बंद करतात. बेटाच्या पश्चिम टोकाला ॲक्विना येथे रंगीत मातीचे उंच कडे आहेत. ते वांपानोआग या मूळ रहिवाशांना पवित्र आहेत. १६४१ साली थॉमस मेह्यूने इंग्रज दावेदारांकडून बेटाचे हक्क विकत घेतले, त्याच्या कितीतरी आधीपासून ते येथे राहत होते. त्यांच्या जमातीला संघराज्याची मान्यता मिळाली ती १९८७ साली. कड्यांच्या पायथ्याशी असलेल्या मोशप पुळणीवर कोणीही जाऊ शकतो. पण कड्यावर चढण्यास आणि तेथली माती नेण्यास मनाई आहे. तिसऱ्या दिवशी तेथे उभा असताना मला जाणवले, की ही मनाई मला टोचत नाही. पहिल्या पुळणीच्या फाटकावरची मनाई, ती माझ्यासाठी नसतानाही, टोचली होती.

या दोन मनायांत भेद कोणता? एक विचारते, “तू कोण?” दुसरी विचारते, “तू येथे काय करणार?” पहिलीचे उत्तर मनुष्याच्या हातात नसते, किंवा पैशाने विकत घ्यावे लागते, दुसरीचे उत्तर देणे प्रत्येकाला शक्य असते. जे सार्वजनिक असते ते नियमरहित नसते. जेथले नियम माणसाच्या ओळखीला नव्हे, तर वर्तनाला लागू होतात, ते सार्वजनिक. या कसोटीवर अनेक ‘खुल्या’ जागाही काठावरच उत्तीर्ण होतात, हेही कबूल केले पाहिजे. मोटार उभी करावयास जागा नसली, की खुली पुळणही मोटारवाल्यांपैकी लवकर उठणाऱ्यांचीच होते. म्हणूनच साउथ बीचपर्यंत जाणारी बेटावरची साधी बस मला कायद्याच्या एखाद्या कलमाइतकीच महत्त्वाची वाटली.

आता ते वाक्य मी पूर्वी कोठे उच्चारले, हे सांगितले पाहिजे. आमच्या गृहसंस्थेच्या आवारात एक लहानशी बाग आहे. शेजारच्या वस्तीतली मुले तेथे झोपाळ्यावर येत. त्यांनी काही मोडले नव्हते. केवळ ती आमची नव्हती. ‘बाग रहिवाशांकरिताच’ अशी पाटी लावावी, असा अर्ज फिरला आणि त्यावर माझी सही आहे. खेळावयास आलेल्या एका मुलाला, तू येथला नाहीस ना, असे मीच एकदा सांगितले होते. ती जागा कायद्याने खाजगीच आहे, हे खरे. पण मोकळी जागा जेथे संपली आहे अशा शहरात, कायद्याने खरे असणे पुरेसे आहे काय, हा प्रश्न मी त्या दिवशी स्वतःला विचारला नव्हता.

परतल्यावर मी समितीला पत्र लिहिले. पाटी असू द्यावी, परंतु तिच्यावर वेळ लिहावी आणि झाडे मोडू नयेत असे लिहावे; कोणी यावे हे लिहू नये. पत्रावर दोन बैठकांत चर्चा झाली, निर्णय झाला नाही. पाटी अजून तीच आहे. संध्याकाळी तिच्यावरून जाताना, मी तेथे निदान मान वर करून पाहतो.