निरोगी धातू लागेपर्यंत

अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत हिवाळ्यातला बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकले जाते, आणि तेच खारे पाणी वाहनांच्या तळाशी शिरून लोखंड पोखरत राहते. १९८० च्या दशकात जपानहून तेथे आलेले टोयोटाचे छोटे पिकअप ट्रक इंजिनाच्या दीर्घायुष्यासाठी नावाजले गेले. परंतु चासी, म्हणजे सारा भार पेलणारी पोलादी चौकट, अनेकदा इंजिनाआधीच खचली. चौकटीच्या पोकळ भागात चिखल आणि मीठ साचत असल्याने गंज आतून बाहेर येतो, आणि वरचा काळा रंग शाबूत दिसत असतानाच पत्रा पातळ झालेला असतो.

म्हणून जाणता कारागीर आधी हातोडीने ठोकून पाहतो; आवाज बद्द आला, तर तेथे कापावे लागते, आणि निरोगी धातू लागेपर्यंत कापावे लागते. गंजावर ठिगळ लावले, तर वेल्डिंग, म्हणजे धातू वितळवून केलेला सांधा, धरत नाही. धरल्यासारखा दिसला, तर तो अधिकच धोक्याचा.

मनुष्याच्या आचरणातही लपवलेल्या चुकीवर गोड शब्दांचा रंग देणे सोपे असते, निरोगी धातू लागेपर्यंत खरवडणे मात्र अवघड आणि, खरे सांगायचे तर, महागही असते. काही चौकटी दुरुस्तीपलीकडे गेलेल्या असतात, हेही प्रामाणिक कारागीर स्पष्ट सांगतो. आणि ज्या वाचतात, त्यांच्या पोकळीत गंजरोधक मेण पुन्हा पुन्हा फवारावे लागते.

श्रोतेहो, ज्या नात्यातून आज बद्द आवाज येत असेल, तेथे रंगाचा डबा उघडण्यापूर्वी एकदा मोकळेपणाने विचारून पाहावे.