वेळ वाचणे आणि वेळ लावणे

वेळ वाचणे आणि वेळ लावणे या दोन क्रिया एकाच घड्याळाच्या आश्रयाने नांदतात, म्हणून त्यांच्यातील नैतिक अंतर सहसा आपल्या ध्यानात येत नाही. संगणकाच्या रचनेत मात्र ते स्पष्ट आखलेले आहे. यंत्रात चालणारा प्रोग्राम घड्याळाला परस्पर हात लावत नाही. तो कार्यप्रणालीकडे रीतसर मागणी करतो. या मागणीस ‘सिस्टिम कॉल’ म्हणतात. ‘किती वाजले?’ असे कोणीही विचारावे. ‘आता इतके वाजले असे समज’ असे सांगण्याचा अधिकार युनिक्स घराण्यातील प्रणाली केवळ सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याकडे ठेवतात.

एवढा कडक भेद कशासाठी? वाचण्याने कोणाचे काही बदलत नाही. लावण्याने इतरांची साक्ष बदलते. मजकूर केव्हा लिहिला गेला, कोणाचा अर्ज आधी आला, हे त्या एका घड्याळावर ठरते. ते कोणी मागे सरकवले, तर यंत्र आजच्या कागदावर कालची तारीख अत्यंत प्रामाणिकपणे घालते. येथे खोटे कोण बोलले? नोंद करणारा तर निर्दोष आहे.

हा प्रश्न संगणकाहून जुना आहे. १ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबईची स्थानिक वेळ तिच्याहून ३९ मिनिटे मागे होती. गिरणी कामगारांनी विरोध केला. महानगरपालिकेने तर स्वातंत्र्यानंतरही काही काळ आपली घड्याळे मुंबई वेळेवरच ठेवली. याला अडाणी हट्ट म्हणणे सोपे आहे. रेल्वेला आणि तारायंत्राला देशभर एक वेळ हवी होती, आणि माझ्या मते तो निर्णय अखेर योग्यच होता. परंतु कामगाराच्या बाजूने पाहावे. गिरणीचा नियम अक्षरानेही बदलत नाही, भोंग्याचा तास तोच राहतो, आणि तरी त्याला सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटे आधी उठावे लागते. घड्याळ लावणाऱ्याला नियम बदलण्याची गरजच उरत नाही. बदल उघड असता तर निदान त्याच्याशी भांडता आले असते.

संगणकशास्त्राने या बाबतीत एक सभ्य रीत शोधली आहे. थोडीशी चूक सुधारायची असल्यास घड्याळाला उडी मारायला न लावता त्याची चाल किंचित मंद वा जलद करतात. काळ मागे जात नाही, आधीच्या नोंदी नंतरच्या ठरत नाहीत; दुरुस्ती होते आणि कोणाची साक्ष मोडत नाही.

प्रमाणवेळ ज्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर बेतली, तो आजच्या छत्तीसगडातून जातो. त्यामुळे भिलाईत मुंबईसारखा वाद उद्भवण्याचे कारण नव्हते. स्मृतिनगरातील सूर्य प्रमाणवेळेच्या जेमतेम पाच मिनिटे मागे असतो. तेथील एखाद्या घरातला संगणक १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ग्रीनिचच्या हिशेबाने मोजतो, त्यांत १९,८०० मिळवतो आणि आपली वेळ दाखवतो. त्याच यंत्रात आणखी एक घड्याळ असते. ते कोणालाही लावता येत नाही, सर्वाधिकाऱ्यालाही नाही. लिनक्समध्ये ते यंत्र सुरू झाल्यापासून किती काळ लोटला एवढेच सांगते. तारीख विचारली तर त्याच्यापाशी उत्तर नसते, आणि वीज गेली की त्याची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.