शेवटच्या गायकवृंदाचे श्रोते

आगमनकाळ सुरू झाला की आमच्या चेण्यातील संध्याकाळी पालटतात. एरवी घोडबंदर रस्त्यावरील वाहनांच्या घरघरीखेरीज दुसरा नाद कानी न पडणाऱ्या घरांतून गिटारचे सूर आणि एकच ओळ दहा-दहा वेळा म्हणणाऱ्या मुलांचे आवाज येऊ लागतात. सराव अर्थातच नाताळगीतांच्या स्पर्धेचा. भाईंदर, डोंगरी, उत्तन आणि वरसाव्याचा पूल ओलांडला की वसई, या साऱ्या पट्ट्यात डिसेंबर महिना गायकवृंदांच्या चढाओढीवाचून जात नाही. कोठे ती धर्मग्रामाच्या विभागाविभागांत असते, कोठे शाळाशाळांत. फिरता चषक असतो, उत्तेजनार्थ बक्षिसे असतात, आणि निकालानंतर महिनाभर पुरेल इतकी कुजबुजही असते.

दरवर्षी या निमित्ताने एक वाद उपस्थित होतो. गाण्याची, त्यातही देवाच्या गाण्याची, स्पर्धा असावी काय? प्रभूच्या जन्माचा आनंद गाणाऱ्या मुलांना तीन परीक्षकांनी कागद घेऊन सुराला इतके, तालाला इतके, शब्दोच्चाराला इतके आणि वेशभूषेला इतके गुण द्यावेत, हे काहींना प्रार्थनेची विटंबना केल्यासारखे वाटते. अर्ध्या गुणाने स्तुती दुसरी आली म्हणजे नेमके काय झाले, असा त्यांचा प्रश्न असतो. त्यांच्या मते बक्षिसे बंद करून नुसता गीतमेळावा भरवावा.

प्रश्न बिनतोड वाटतो खरा. पण आम्हांस तो अपुरा वाटतो. संत पौलाने शर्यतीत धावणाऱ्यांचे उदाहरण ज्या करिंथकरांना दिले, त्यांच्या नगराजवळच दर दोन वर्षांनी इस्थमियाचे खेळ भरत असत. त्या खेळांत धावपटू आणि मल्ल यांच्याबरोबर गायक-वादकांच्याही स्पर्धा होत. विजेत्याच्या मस्तकी पाइनच्या डहाळ्यांचा किंवा सुकलेल्या अजमोदाच्या पानांचा मुकुट चढे. पौलाने त्या मुकुटाची नश्वरता दाखवून दिली. परंतु धावणाऱ्याने आपल्या देहाला लावलेली शिस्त त्याने त्याज्य ठरविली नाही. उलट ती आपल्यापुढे कित्ता म्हणून ठेवली.

ही शिस्त गायकवृंदात कशी येते, हे ज्याने सरावाच्या खोलीत तासभर बसून पाहिले आहे त्यास सांगावयास नको. एकट्याने गाणाऱ्याला आपला आवाज पुढे काढावा लागतो. वृंदात गाणाऱ्याला तो आवरावा लागतो. सोप्रानोच्या मुलींनी आल्टोकडे कान द्यावयाचा, टेनरने बासच्या पुढे धावावयाचे नाही, आणि शेजाऱ्याचा सूर आपल्याला ऐकू येईनासा झाला तर आपण फार मोठ्याने गात आहोत असे समजावयाचे. बारा वर्षांच्या मुलाला संयमाचा याहून चांगला धडा कोणत्या पाठ्यपुस्तकात मिळेल? १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेत मातृभाषेला मोकळे द्वार दिले आणि भाविकांनी नुसते श्रोते न राहता गाण्यात सहभागी व्हावे असे सांगितले. पण परवानगी मिळाली म्हणून चार आवाजांतले मराठी गीत आपोआप गाता येत नाही. त्याला शेकडो संध्याकाळी द्याव्या लागतात. आणि माणसाचा स्वभाव असा आहे की समोर तारीख आणि चषक असला म्हणजे त्या संध्याकाळी निघतात, नसला म्हणजे परीक्षा, सर्दी आणि लग्नकार्ये निघतात. बक्षिसाविना मेळावा भरविण्याची कल्पना आम्हांसही प्रिय आहे. पण तिच्यासाठी घसा कोरडा करणारी मुले किती जमतील याची आम्हांस शंका आहे.

मग स्पर्धेने काहीच बिघडत नाही काय? बिघडते. पण ते व्यासपीठावर शोधण्याऐवजी समोरच्या खुर्च्यांवर शोधावे, असे आमचे नम्र मत आहे.

कोणत्याही सभागृहातील स्पर्धा डोळ्यांपुढे आणावी. 'आपला' वृंद येतो तेव्हा शिट्ट्या, टाळ्या आणि नावाचा पुकारा. चारही रांगांतून मोबाईल वर जातात, आणि आई-वडील आपल्या लेकराचे गाणे कानांनी ऐकण्याऐवजी हातभर लांबीच्या पडद्यात पाहतात. मग दुसरा वृंद येतो. आता तेच श्रोते निराळ्या कानांनी ऐकू लागतात. कोठे सूर घसरला, कोणी शब्द विसरला, कोणाचा पोशाख विसंगत आहे, यांची मनात नोंद होऊ लागते. आणि एखाद्या कोवळ्या मुलाचा आवाज वरच्या पट्टीत चिरकला की मागच्या रांगेत एक सूक्ष्म, दबलेले, पण निःसंशय समाधान पसरते. हे समाधान म्हणजे काय, हा आमच्या दृष्टीने या विषयातला खरा नैतिक प्रश्न आहे.

दुसऱ्याचे चांगले पाहून होणारे दुःख म्हणजे मत्सर, अशी त्याची व्याख्या संत थॉमस अक्वायनसने केली आहे. त्याच्या सुमारे साडेसहाशे वर्षे आधी महान संत ग्रेगरीने मत्सराच्या लेकी मोजल्या, त्यांत शेजाऱ्याच्या आपत्तीत वाटणारा आनंद ही एक सांगितली. मत्सर साधारणपणे एकांतात लपून राहतो, माणसाला त्याची लाज वाटते. स्पर्धेच्या सभागृहात मात्र तो 'आपल्या गावाचा अभिमान' हे नाव धारण करून उजळ माथ्याने बसतो. चिरकलेला आवाज एका लेकराचा होता, त्याच्याही आईने तो पोशाख रात्री जागून शिवला होता, हे त्या क्षणी कोणाच्या मनात येत नाही. एरवी ज्या मुलाला रस्त्यात पडताना पाहून आपण धावत गेलो असतो, त्याच्या पडण्याचा येथे हिशेब मांडतो.

गर्दीत बसलेल्या माणसाचे असे का होते, याचा विचार संत ऑगस्टिनने फार सूक्ष्मपणे केला होता. त्याच्या 'कबुलीजबाबा'त त्याचा मित्र अलिपियस याची हकीकत आहे. रोमच्या रंगणातील तलवारबाजांच्या झुंजींचा या सज्जन तरुणास तिटकारा होता. मित्रांनी ओढून नेले तेव्हा तो डोळे घट्ट मिटून बसला. पण कान मिटता येत नाहीत. कोणी एक योद्धा पडला, प्रेक्षकांनी प्रचंड आरोळी ठोकली, आणि त्या आरोळीने त्याचे डोळे उघडले. नंतर तो आरोळ्या ठोकणाऱ्यांतलाच एक झाला, पुन्हा पुन्हा जाऊ लागला, इतरांनाही नेऊ लागला. तो बिघडला तो आधी कानांच्या वाटेने, हे लक्षात घेण्याजोगे आहे. नाताळगीतांची स्पर्धा आणि रक्ताचे रंगण यांची तुलना वाचकांस अतिशयोक्तीची वाटेल. रक्ताच्या बाबतीत ती आहेच. आरोळीच्या बाबतीत नाही.

याच ग्रंथात पुढे ऑगस्टिन स्वतःवर दुसरा एक आरोप ठेवतो. मंदिरातील गायन ऐकताना गायिलेल्या अर्थापेक्षा गाणेच आपल्याला अधिक हलवून जाते, आणि असे झाले की आपल्या हातून पाप घडले असे त्याला वाटते. तरीही संगीत हद्दपार करावे असे त्याने म्हटले नाही. दुबळ्या मनांना ते भक्तीकडे नेते म्हणून चर्चमधील गायनाची प्रथा त्याने मान्यच केली. आम्हांस कित्येकदा वाटते, हा संत आजच्या एखाद्या स्पर्धेस बसला असता तर त्याला आपले पाप फारच सौम्य वाटले असते. तो निदान गाणे तरी ऐकत होता.

आणि हे दुखणे आपल्यापुरतेच आहे असे मुळीच नाही. अमेरिकेतील माध्यमिक शाळांत 'शो क्वायर' नावाचा प्रकार मोठ्या हौसेने चालतो. चाळीस-पन्नास मुले झगमगीत पोशाखात एकाच वेळी गातात आणि नाचतात, साथीला वाद्यवृंद असतो, आणि गायनाला निराळे व नृत्याला निराळे गुण मिळतात. दिवसभर प्राथमिक फेरी, रात्री अंतिम फेरी, आणि पाठीराख्यांचा जल्लोष एखाद्या फुटबॉल सामन्याला शोभावा असा. या स्पर्धांपैकी सर्वांत जुन्यांत गणली जाणारी एक स्पर्धा १९७०च्या दशकात इंडियाना राज्यातील फोर्ट वेन येथे, बिशप लुअर्स या कॅथोलिक शाळेत सुरू झाली. २००९ ते २०१५ या काळात 'ग्ली' या दूरचित्रवाणी मालिकेने या चढाओढीची गोष्ट जगभर पोहोचविली, आणि मग गाणाऱ्या मुलांचेही चाहते झाले. आता अशा पाठीराख्यांना नावे ठेवणे सोपे आहे. पण गणिताच्या किंवा धावण्याच्या शर्यतीला जशी गर्दी जमते तशी मुलांच्या समूहगायनाला जमावी, यात काही चांगले नाही असे आम्ही म्हणणार नाही. अडचण त्यांच्या प्रेमात नाही. ते प्रेम एका वृंदाशी येऊन थांबते आणि पुढच्या वृंदाला ऐकूच देत नाही, एवढीच अडचण आहे.

स्पर्धा असूनही कान उघडे राहू शकतात काय? याला आमच्यापाशी दोन उदाहरणे आहेत, एक दूरचे आणि एक अगदी घरचे.

वेल्समधील लँगोलेन या लहानशा गावात १९४७ पासून आंतरराष्ट्रीय संगीतस्पर्धा भरते. १९४९ साली तेथे प्रथमच जर्मनीतून, ल्युबेक शहरातून, एक गायकवृंद आला. युद्ध संपून चार वर्षे झाली होती. समोर बसलेल्यांत कित्येकांच्या घरची माणसे त्याच देशाशी लढताना गेलेली होती. ते गायक व्यासपीठावर येताना भीत होते. निवेदकाने त्यांची ओळख जर्मनीहून आलेले आपले मित्र अशी करून दिली, आणि सभामंडपाने त्यांचे उत्स्फूर्त स्वागत केले. याच व्यासपीठावर १९५५ साली इटलीतील मोडेना गावचा पुरुषांचा वृंद पहिला आला. त्यात एक पाव भाजणारा बाप आणि त्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा एकत्र गात होते; मुलाचे नाव लुचियानो पाव्हारोटी. त्याचे पुढे काय झाले हे जगाला ठाऊक आहे. स्पर्धा दोन्ही वेळा होती, गुण होते, पहिला-दुसरा होता.

घरचे उदाहरण कोकणातले. आमच्या शेजारी नोकरीधंद्यासाठी येऊन राहिलेल्या सिंधुदुर्गाकडील कुटुंबांत डबलबारी भजनाचे विलक्षण वेड आहे. दोन बुवा, दोन भजनी मंडळे, पखवाज आणि झांजा. एकाची बारी संपली की दुसऱ्याची. रत्नागिरीकडे शक्ती-तुऱ्याचे सामनेही याच जातीचे: एक पक्ष शक्तीचा, एक शिवाचा, पायांत चाळ बांधून नाच आणि गाण्यातून घातलेली कोडी. पाठीराखे दोन्हीकडे हिरीरीने जमतात, कित्येकदा पहाट होते. आम्हांस यात जे महत्त्वाचे वाटते ते असे की येथे प्रतिपक्षाचे ऐकल्यावाचून गत्यंतर नाही. समोरच्या बुवाने काय म्हटले, कोणते कोडे घातले, हे ज्याने नीट ऐकले नाही त्याला उत्तर रचता येणार नाही. आणि ज्या श्रोत्याने पहिली बारी ऐकली नाही त्याला दुसऱ्या बारीतला टोला कळणार नाही. आपल्या बुवाचा विजय चाखावयाचा तर दुसऱ्याच्या गाण्याला पूर्ण कान द्यावा लागतो. या प्रकारात अलीकडे वैयक्तिक टोमणे फार वाढले, अशी जाणकारांची तक्रार असते, आणि ती खोटी नसावी. पण त्या टोमण्यांसाठीही ऐकावेच लागते!

आमच्या नाताळगीतांच्या स्पर्धेत नेमका हाच धागा तुटलेला आहे. प्रत्येक वृंद तिघा परीक्षकांपुरता गातो. त्याचे गाणे मागच्याला उत्तर देत नाही की पुढच्याला हाक घालीत नाही. म्हणून आपले गाणे आटोपले की आपले काम संपले असे गाणाऱ्यांनाही वाटते आणि त्यांच्या माणसांनाही. पहिल्या वृंदाला भरगच्च सभागृह लाभते. सहाव्याच्या वेळी खुर्च्या सरकविल्याचे आवाज सुरू होतात. मुले मैदानात, वडील दुचाकीपाशी, मावश्या खाद्यपदार्थांच्या स्टॉलवर. बाराव्या वृंदासमोर परीक्षक, निवेदक आणि त्यांचे स्वतःचे आई-वडील उरतात. चिठ्ठी कोणाची शेवटी निघेल हे कोणाच्या हाती नसते. पण गंमत अशी की लहान, गरीब, एका गिटारवर भागविणाऱ्या वृंदाची निघाली तर निरोप द्यावयासही कोणी नसते, आणि गेल्या वर्षीच्या विजेत्यांची निघाली तर चूक टिपण्यासाठी का होईना, निम्मे सभागृह थांबते.

या वर्षीच्या बैठकीत बक्षिसे रद्द करावीत की ठेवावीत हा ठराव पुन्हा येईल. ती ठेवावीत असेच आम्ही म्हणू. मात्र त्याबरोबर आमच्या काही साध्या सूचना आहेत. एक गीत सर्व वृंदांना समान नेमून द्यावे, म्हणजे दुसऱ्याने त्याच ओळीचे काय केले हे ऐकण्याची उत्सुकता मुलांनाच वाटेल. गाऊन झालेल्या वृंदांना पुढच्या रांगांत बसवावे. शेवटी सर्वांनी मिळून एक गीत गावे आणि निकाल त्यानंतर सांगावा. हे जमले तर उत्तम. आणि हे काहीच न जमले तरी चहा-वड्यांचा स्टॉल शेवटचे गाणे संपल्याखेरीज उघडू नये, एवढे तरी आयोजकांनी मान्य करावे.