मौनाचें मोल

मोटारीच्या गिअरबॉक्ससारख्या रुक्ष वस्तूवरून नीतिशास्त्राची चर्चा करावी, हें कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु नीतीचे प्रश्न आपल्या आयुष्यांत धर्मयुद्धाचा वेष घेऊन क्वचितच येतात. बहुधा ते दुरुस्तीच्या खर्चाच्या अंदाजाबरोबर दाराशीं उभे राहतात. आमच्याकडे तो असाच आला.

आमची मोटार सतरा वर्षांची. जालन्याहून छत्रपति संभाजीनगरास जातांना बदनापुराजवळ तिच्या पोटांतून घरघर ऐकूं येऊं लागली, व तिसरा गिअर आपोआप सुटूं लागला. मिस्त्रीनें गाडी वर उचलून खालून पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, "सर, तेल किती दिवसांपासून गळतंय?" आम्हांस उत्तर देतां येईना. इंजिनाची शक्ति चढावर अधिक जोरानें व सपाटीवर अधिक वेगानें चाकांपर्यंत पोंचविणारीं दांतेरी चक्रें आणि त्यांचीं बेरिंगें तेलावर जगतात. तें तेल झिजलेल्या सीलमधून महिनोन् महिने ठिबकत होतें. घरासमोरच्या फरशीवर पडलेला काळा डाग आम्ही रोज ओलांडून जात होतों. कांहीं शें रुपयांचें काम वेळेवर केलें नाहीं, त्याचें हें फळ होतें.

हिशेब असा झाला. नवा गिअरबॉक्स मजुरीसह सत्तर हजारांच्या पुढें. भंगारांत निघालेल्या तशाच गाडीचा चांगला गिअरबॉक्स मिळाल्यास मजुरी, क्लचप्लेट व तेल धरून ३२ हजार. गाडी सुस्थितींत असती तर बाजारांत तिचे ९० हजार आले असते. शिवाय खाजगी मोटारीस १५ वर्षें झालीं म्हणजे नोंदणीचें नूतनीकरण करावें लागतें. त्याची फी २०२२ च्या एप्रिलपासून ६०० रुपयांवरून ५००० झाली होती, व ती आम्हीं भरलेली होती. गेलेला पैसा पुढच्या निर्णयांत धरूं नये, असें शहाणे लोक सांगतात. तें खरेंही आहे. पण मन त्याचाच हिशेब पुन्हा पुन्हा मांडतें.

आमचा चेहरा पाहून मिस्त्रीनें दुसरी वाट सुचविली. "जाड तेल भरतो, सर. दोन महिने आवाज येणार नाही. तेवढ्यात काढून टाका गाडी." आम्हीं होकार दिला नाहीं, पण नकारही दिला नाहीं. तेल मात्र भरलें गेलें.

चार दिवसांनीं अंबड तालुक्यांतला आमचा एक जुना विद्यार्थी गाडी पाहण्यास आला. घरीं मोसंबीची बाग. वडिलांना संभाजीनगरच्या इस्पितळांत वरचेवर न्यावें लागे, म्हणून त्यास गाडी हवी होती. त्यानें एक फेरी मारली. आवाज आला नाहीं. मिस्त्रीला दाखवून घे, असें आम्ही उगाच म्हणालों, तेव्हां तो हंसला. "तुमची गाडी, सर! काही असतं तर तुम्ही सांगितलंच असतं की." आम्हीं चहाचा पेला उचलला व गप्प राहिलों.

त्या रात्रीं आम्हांस १८७२ च्या भारतीय करार कायद्याचें सतरावें कलम आठवलें. केवळ मौन म्हणजे कपट नव्हे, असें तें सामान्यतः सांगतें. एकानें लिलावांत सदोष घोडा विकला व दोष सांगितला नाहीं, तर तें कपट नाहीं, असें त्याचें पहिलें उदाहरण आहे. पण पुढचीं दोन पाहावीं. घेणारी विकणाराची नुकतीच वयांत आलेली मुलगी असेल, तर दोष सांगणें हें त्याचें कर्तव्य होतें; आणि घेणारा जर म्हणाला कीं, तुम्ही नाहीं म्हणालां नाहींत तर घोडा निर्दोष आहे असें मी समजेन, तर अशा वेळचें मौन हें बोलण्यासारखेंच होय. आमच्या विद्यार्थ्यानें नेमकें हेंच वाक्य उच्चारलें होतें. आणि जाड तेल? जाणूनबुजून दोष झांकणें यास तेंच कलम स्पष्टपणें कपट म्हणतें. आम्ही गप्प बसलों होतों, ही समजूतही खोटी होती; आमच्या वतीनें तेल बोललें होतें.

यावर आक्षेप येईल कीं, जुनी वस्तु घेणारानें डोळे उघडे ठेवावे; बैलबाजारांत शेतकरी बैलाचे दांत मोजूनच पैसे देतो. हा वाद फार जुना आहे. इ. स. पूर्वीं ४४ मध्यें सिसेरोनें आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथांत रोगट घर विकणाराचें उदाहरण घेऊन डायोजिनीस व अँटिपेटर या दोन स्टोइक आचार्यांचे पक्ष मांडले. घेण्याची सक्ति कोणी केली नव्हती, असें पहिला म्हणतो. वाट चुकलेल्यास वाट न दाखविण्यासारखेंच हें पाप आहे, असें दुसरा म्हणतो. सिसेरोचा कौल दुसऱ्याकडे आहे. आमच्या मतें बैलाचा दृष्टान्त येथें लागूच पडत नाहीं. दांत उघडे असतात. गिअरबॉक्स बंद असतो. जेथें पाहणें शक्य नाहीं, तेथें डोळे उघडे ठेवा हा उपदेश थट्टेसारखा होतो.

अशा मौनानें एकाच गिऱ्हाइकाचें नुकसान होतें, असेंही नाहीं. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनीं १९७० सालीं जुन्या मोटारींचेंच उदाहरण घेऊन दाखविलें कीं, बरी व वाईट गाडी ओळखतां येत नसल्यानें गिऱ्हाईक सर्वांनाच मधला भाव देतो. तो न परवडल्यानें चांगल्या गाड्यांचे मालक बाजारांतून निघून जातात, आणि उरलेल्यांमुळें भाव आणखी खालीं येतो. २००१ सालच्या अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकांत त्यांचा वांटा होता. लबाडाच्या मौनाचा दंड प्रामाणिक मनुष्य भरतो, हा त्याचा व्यावहारिक अर्थ.

मुख्य गोष्ट आमच्या ध्यानांत उशीरा आली. ते ३२ हजार रुपये टळणार नव्हतेच. चक्रें झिजलीं होतीं, व कोणाला तरी त्यांचे पैसे देणें भाग होतें. प्रश्न एवढाच होता कीं, ते तेलाचा डाग रोज ओलांडणाऱ्या आम्हीं द्यावे, कीं आजारी बाप गाडींत असतांना आडरस्त्यावर अडकलेल्या त्या मुलानें. खर्च टाळणें आणि तो दुसऱ्याच्या खांद्यावर टाकणें यांतला भेद आपण बहुधा पाहत नाहीं, कारण आपल्या वहींत दोहोंची नोंद सारखीच दिसते.

सकाळीं आम्हीं त्यास फोन करून सर्व सांगितलें, तेलासुद्धां. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "काल सांगायचं होतं, सर." आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. गिअरबॉक्स आम्हीं आमच्या खर्चानें बसविला. आठ दिवसांनीं त्यानें ठरलेले ९० हजार देऊन गाडी नेली. पण या खेपेस त्यानें बरोबर मिस्त्री आणला होता. सत्य सांगितल्यानें गाडीचा भाव राहिला. एका दिवसाच्या मौनानें जो विश्वास गेला, तो राहिला नाहीं.

जालन्यांत लोखंडाच्या भट्ट्या पुष्कळ आहेत. भंगार वितळवून त्याच्या सळ्या ओढणें हा या शहराचा मोठा उद्योग आहे. आमची ती मोटारही एके दिवशीं तेथल्या कांट्यावर जाईल. तेथें तिला कोणी कांहीं विचारणार नाहीं. जेवढें वजन, तेवढे पैसे. महाभारताच्या शांतिपर्वांत जाजलि या तपस्व्याला धर्म शिकविणारा तुलाधार हा काशीचा दुकानदार आहे, आणि आपला तराजू सर्वांस सारखा आहे हेंच तो आपल्या धर्माचें सार म्हणून सांगतो. तीस वर्षें वर्गांत नीतिशास्त्र शिकविलेल्या आम्हांस तेवढें साधण्यास एक रात्र लागली.