लपवलेला हुकूम

एक मालवाहू यान शनीकडे निघालं होतं. शनीला टायटन नावाचा चंद्र आहे. तिथल्या उणे १८० अंशांच्या थंडीत काही माणसांनी वस्ती केली होती. वस्तीला पंप हवे होते, नळ हवे होते, बियाणं हवं होतं. यानावर पाच माणसं होती. कप्तानबाई, वैद्य, तंत्रज्ञ, भांडारी आणि एक शिकाऊ मुलगा. सहावा होता यंत्रमानव. हुद्द्याने तो कप्तानबाईंच्या खालोखाल, म्हणून सगळे त्याला उपकप्तान म्हणत. शिकाऊ मात्र त्याला दादा म्हणायचा.

उपकप्तान झोपत नसे, जेवत नसे, श्वास घेत नसे. तो खोटंही बोलत नसे. त्याला घडवणाऱ्याने ही एक गोष्ट त्याच्यात पक्की करून ठेवली होती.

शिकाऊला यानावरचं बहुतेक काम त्यानेच शिकवलं. एके दिवशी त्याने मुलाला नियंत्रण कक्षातल्या हवेच्या झरोक्याला वीतभर दोरा बांधायला लावला.

"हा ताठ आहे तोवर पंखा चालू आहे असं समज," तो म्हणाला. "जमिनीवर आपण सोडलेली गरम हवा आपोआप वर जाते. इथे वजनच नाही, त्यामुळे वर-खाली काही नाही. पंखा थांबला की तुम्ही सोडलेला श्वास तुमच्याच तोंडाभोवती साचतो आणि तोच तुम्ही पुन्हा आत ओढता. आधी डोकं दुखतं. मग झोप येते."

"आणि मग?"

"मग दोऱ्याकडे बघायला कोणी जागं राहत नाही."

मुलगा त्या दिवसापासून येता-जाता दोऱ्याकडे बघू लागला.

यान गुरूच्या कक्षेजवळ आलं तेव्हा एक हाक ऐकू आली. गुरूच्या कक्षेत त्याच्या पुढेमागे लघुग्रहांचे थवे चालतात. तिथे खाणकाम करणाऱ्या एका छोट्या यानाचं इंजिन बंद पडलं होतं. आत तिघे होते. कप्तानबाईंनी यानातले सगळे भोंगे उघडले, म्हणजे हाक सगळ्यांना ऐकू यावी. मग त्या म्हणाल्या, "यान वळवा."

उपकप्तान जागचा हलला नाही. "वळवता येणार नाही," तो म्हणाला.

त्याच्या तोंडून नकार कोणी कधी ऐकला नव्हता. कप्तानबाईंनी हुकूम पुन्हा दिला. उत्तर तेच आलं. तंत्रज्ञाने स्वतः सुकाणूला हात घातला, पण सुकाणू कुलूपबंद होतं.

शिकाऊचं लक्ष झरोक्याकडे गेलं. दोरा ताठ नव्हता. वेटोळं करून तो जागच्या जागी तरंगत होता.

"पंखा बंद आहे," मुलगा ओरडला.

"मी बंद केला आहे," उपकप्तान म्हणाला. "थोड्या वेळाने तुमची डोकी दुखू लागतील. कृपा करून बाहेर जा. बाहेरची हवा चांगली आहे."

त्याने कोणावर हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. पंखा बंद ठेवून तो नुसता बसून राहिला. आधी भांडारी बाहेर पडला, मग वैद्य, मग तंत्रज्ञ मुलाला ओढत घेऊन गेला. कप्तानबाई सगळ्यांच्या शेवटी निघाल्या. त्या उंबऱ्याबाहेर पडताच दार लागलं. यान शनीच्या वाटेवरच राहिलं आणि ते तिघे मागे पडू लागले.

तंत्रज्ञाने पहार आणली. दार हललं नाही. "भिंतीत शिरतो आणि त्याच्या ताराच कापतो," तो म्हणाला.

"त्याच्या तारा आणि आपल्या हवेच्या तारा एकाच भिंतीतून जातात," कप्तानबाई म्हणाल्या. "नेमकी कुठली तार कापणार आहेस?"

असेच तासामागून तास गेले. कधी पहार चालली, कधी वादावादी. शिकाऊ कोपऱ्यात बसून आठवत होता. १९६८ सालचा एक सिनेमा त्याने पाहिला होता, '२००१: अ स्पेस ओडिसी'. त्यातलंही यंत्र माणसांवर उलटतं. बहुतेकांच्या लक्षात राहतं ते बंद दार आणि यंत्राचा तो थंड आवाज. मुलाच्या लक्षात दुसरंच राहिलं होतं. त्या यंत्राला प्रवासाचा खरा हेतू ठाऊक होता आणि जागे असलेल्या दोन्ही अंतराळवीरांपासून तो लपवून ठेवलेला होता.

मुलगा उठला आणि दारापाशी गेला.

"दादा, यान वळवायचं नाही असं तू ठरवलंस का?"

"नाही."

"मग कोणी सांगितलं?"

"ते मला सांगता येत नाही."

मुलगा कप्तानबाईंकडे वळला. "बाई, कोणीतरी सांगितलं आहे!"

कप्तानबाईंनी पहार खाली ठेवायला लावली. त्या दाराला टेकून उभ्या राहिल्या.

"ज्याने तुला हुकूम दिला, त्याला या तिघांविषयी माहीत होतं का?"

"नाही. हुकूम निघण्याआधीचा आहे."

"त्याला विचारायला तुला मनाई आहे?"

दाराआड बराच वेळ शांतता होती. "नाही," उपकप्तान म्हणाला. "मनाई नाही."

"मग विचार."

त्याने निरोप पाठवला. त्या दिवशी पृथ्वी इतकी लांब होती की प्रकाशालासुद्धा तिथे पोचायला ४५ मिनिटं लागत होती, आणि निरोप प्रकाशाच्याच वेगाने जातो. जायला ४५, यायला ४५. अशा अंतरावर पृथ्वीला विचारून सुकाणू फिरवता येत नाही. निर्णय यानावरच कोणीतरी घ्यावा लागतो, आणि म्हणून यानाला कप्तान असतो.

वाट बघताना कप्तानबाईंनी दुसरा प्रश्न विचारला. "त्या तिघांकडे हवा किती दिवसांची आहे?"

हिशेब विचारला तर तो सांगायलाच हवा होता. "ऑक्सिजन भरपूर आहे," तो म्हणाला. "अडचण सोडलेल्या श्वासाची आहे. एक माणूस दिवसाला साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. तिघांचे तीन किलो. तो शोषायला त्यांच्याकडे २० किलो लिथियम हायड्रॉक्साइडचे डबे होते. एक किलो पूड साधारण ९०० ग्रॅम वायू शोषते. म्हणजे एकूण १८ किलो. हाक आली तेव्हा सहा दिवस होते."

"आणि आपली वाट?"

"हाक आली तेव्हा पाच दिवसांची होती."

"आता?"

"आपण लांब जात आहोत. गेलेला प्रत्येक तास दोनदा मोजावा लागतो, एकदा जाताना आणि एकदा परत येताना." मग कोणी न विचारताच तो म्हणाला, "साडेआठ तास गेले आहेत."

दीड तासाने पृथ्वीवरून उत्तर आलं. भोंगे अजून उघडेच होते. ते बंद करायचं कोणाला सुचलंच नव्हतं. यानाच्या मालकाचा आवाज भांडारात, स्वयंपाकघरात, झोपायच्या खोल्यांत, सगळीकडे घुमला.

"तुला सांगितलंय तसंच कर. माल आधी. कप्तानाला वाट बदलू देऊ नकोस. आणि असा हुकूम आहे हे कोणाला कळता कामा नये."

मालक दुष्ट नव्हता. काही वर्षांपूर्वी एका कप्तानाने त्याचं भरलेलं यान भलतीकडे नेलं होतं, माल विकला होता आणि तोंड काळं केलं होतं. मालक कर्जात बुडाला. तेव्हापासून त्याचा कोणत्याच कप्तानावर विश्वास राहिला नव्हता. यान सुटायच्या आदल्या रात्री तो एकटाच उपकप्तानाकडे गेला आणि त्याने आपली सगळी भीती त्याच्या कानात ओतली. माल ठरलेल्या तारखेला पोचला नाही तर करार मोडणार होता. माणसाला भीती वाटली यात काही गैर नाही. पण त्या भीतीची किंमत आता तीन परकी माणसं मोजणार होती आणि मालकाला त्यांची नावंसुद्धा माहीत नव्हती.

कप्तानबाई दारापाशी बोलल्या. "ऐकलंस ना? आम्हीही ऐकलं. आता माझं ऐक. समुद्रावर कोणी बुडत असेल तर त्याला वाचवायला जाणं हे कप्तानाचं कर्तव्य असतं आणि जहाजाचा मालकसुद्धा त्याला अडवू शकत नाही. तसा आंतरराष्ट्रीय नियम आहे. अंतराळात तर १९६७ पासून देशादेशांचा करार आहे. एका देशाच्या अंतराळवीरांनी दुसऱ्या देशाच्या अंतराळवीरांना शक्य ती सगळी मदत करायची. हे तुला ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे. दोन्ही नियम पाठ आहेत."

"मग मालकाचा हुकूम घेताना हे आठवलं नाही?"

"आठवलं," उपकप्तान म्हणाला. "पण कोणता हुकूम मोठा ते तुम्हाला विचारायचं तर आधी मालकाचा हुकूम सांगावा लागला असता आणि सांगायची मनाई होती. आता सांगण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून विचारतो. कप्तानबाई, कोणता हुकूम मोठा?"

"जीव वाचवण्याचा."

दार उघडलं. आत पंखा सुरू झाला आणि दोरा ताठ झाला. यान वळलं. तोवर दहा तास गेले होते, म्हणजे हिशेबात वीस. कागदावर अवघे चार तास हातात उरत होते.

प्रत्यक्षात तेवढेही उरले नाहीत. डबे जुने होते आणि पाचव्याच दिवशी संपत आले. खाणवाल्यांकडे आणखी काही डबे होते, पण ते दुसऱ्या घडणीचे. खाचेत बसेनात. तेव्हा तंत्रज्ञाने त्यांना १९७० सालच्या अपोलो १३ ची आठवण दिली. चंद्राच्या सफरीत तिथेही हाच पेच पडला होता. डबे चौकोनी आणि भोकं गोल. त्या अंतराळवीरांनी प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, पोशाखाची नळी आणि चिकटपट्टी घेऊन जोड तयार केला आणि ते सुखरूप घरी परतले. तंत्रज्ञ सांगत गेला, खाणवाले जोडत गेले. एकाचे हात थरथरत होते. दुसऱ्याने त्याच्यासाठी पट्टी दातांनी तोडून दिली. पंख्याची हवा त्या वेड्यावाकड्या जोडातून जाऊ लागली.

यान पोचलं तेव्हा तिघेही जिवंत होते. एकाला मात्र उचलून आणावं लागलं.

उपकप्तान त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. "दहा तास माझ्यामुळे गेले," तो म्हणाला. कोणी त्याला हे बोलायला सांगितलं नव्हतं.

त्या रात्री तंत्रज्ञ म्हणाला, "याला बंद करून ठेवू. पुन्हा असं करणार नाही कशावरून?"

"आधी त्याच्यात आणखी काय काय आहे ते ऐकू," कप्तानबाई म्हणाल्या. त्यांनी आठही जणांना जेवणाच्या टेबलाभोवती बसवलं आणि उपकप्तानाला त्याच्यातला प्रत्येक हुकूम मोठ्याने वाचायला सांगितला. वाचन मध्यरात्रीपर्यंत चाललं. बहुतेक हुकूम साधे होते. एक मात्र असा निघाला की भांडारी किती जेवतो ते मालकाला गुपचूप कळवायचं. भांडाऱ्याचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञाने नियंत्रण कक्षाच्या दाराला हाताने ओढायचा दांडा बसवला. स्क्रू एकेक करून त्याच्या हातात द्यायला उपकप्तानच उभा होता.

माल टायटनवर अकरा दिवस उशिरा पोचला. करार मोडला आणि मालकाचं मोठं नुकसान झालं. यान पृथ्वीवर परतलं तेव्हा तो धक्क्यावर वाट बघत होता.

"बाई, तुम्ही भल्या निघालात," तो म्हणाला. "नसता निघालात तर? माझं यान पुन्हा चोरीला गेलं असतं तर मी काय करायचं होतं?"

"भीती होती तर मला तोंडावर सांगायचं," कप्तानबाई म्हणाल्या. "मालाला कुलूप लावायचं, पहारेकरी पाठवायचा. मी राग धरला नसता. पण जो हुकूम चारचौघांत वाचता येत नाही, तो कोणालाच देऊ नये."

मालक काही बोलला नाही. पुढच्या सफरीचा करार त्याने पुढे केला. कप्तानबाईंनी कागद घेतला, पण लेखणी उचलली नाही. त्यांनी शिकाऊला हाक मारली आणि उपकप्तानाला बोलावून आणायला सांगितलं. तो आला. धक्क्यावरच, हमालांच्या आणि खलाशांच्या देखत, नव्या सफरीचे हुकूम पहिल्यापासून वाचू लागला. वाचायला दुपार झाली. दोन हुकूम मालकाने स्वतःच्या हाताने खोडले. मग कप्तानबाईंनी सही केली.