साखळी नवी, दाते जुने

मोडलेला नेम माणूस पुन्हा धरतो, आणि चार दिवसांनी तो पुन्हा त्याच ठिकाणी निसटतो. संकल्प खोटा म्हणावा, तर धरताना तो मनापासून धरलेला असतो. मग दोष कोणाचा? या प्रश्नाचा उलगडा आम्हांस सायकलीच्या मागच्या चाकापाशी झाला, तो सांगतो.

पुतण्याची जुनी गिअरची सायकल आमच्याकडे आली. वय साठीच्या पुढचे. धुळ्याहून पहाटे लळिंगच्या वाटेने फेरी मारावी, तेवढाच गुडघ्यांना व्यायाम. पण चढ लागला, पायावर जोर आला, की मागे 'खट्' व्हावे, साखळी निसटावी आणि पाय रिकामा फिरावा. दुकानातील तरुण कारागिराने साखळी मापली आणि साखळीबरोबर मागचे दातेही बदलायला सांगितले. आम्हांस वाटले, पोरगा गिऱ्हाईक पाहून बोलतोय. साखळी तेवढी बदलून घेतली. दुसऱ्या दिवशी चढावर ती पहिल्याहून अधिक निसटू लागली.

आम्ही तसेच दुकानात गेलो. त्याने सायकल स्टँडवर चढवून पेडल हाताने फिरवले. साखळी सरळ चालली. तो म्हणाला, "मी तुमले आधीच सांगेल व्हतं." झाले! चार माणसांदेखत आम्ही त्याला नको ते बोललो. क्रोध करायचा नाही, हा नेम आषाढीला धरला होता. तो भर बाजारात गेला.

पुढे जळगावास सप्ताह होता. टेम्पोत पखवाज-पेटीबरोबर सायकलही नेली. तिथल्या एका वृद्ध कारागिराने आधी गिअरची तार पाहिली. तो म्हणाला, "साखळी शेजारच्या चक्राकडे खरखरत असेल, तर तार सैल किंवा फार ताणलेली असते. ॲडजस्टर पाव फेरा फिरवायचा, पेडल मारून पाहायचे, मग पुन्हा पाव. एकदम पिळायचे नाही. आणि हे दोन स्क्रू मर्यादेचे. साखळी टोकाच्या चक्राबाहेर पडू नये एवढ्यासाठीच. मधले निसटणे त्यांनी बरे होत नाही." तार ठीक होती.

मग त्याने आमची जुनी साखळी पट्टीवर धरली. साखळीची प्रत्येक कडी अर्ध्या इंचाची. चोवीस कड्या म्हणजे बरोबर बारा इंच. त्यात एक-सोळांश इंच वाढ दिसली, की साखळी बदलावी. एक-अष्टमांश झाली, तर साखळीने दातेही खाल्ले समजावे. आमची त्याहून पुढे गेली होती. झिजलेल्या दात्यांवर जुनी साखळी कशीबशी बसते, कारण दोघे बरोबरच झिजलेले. नवी साखळी जोर येताच दात्यावर चढते आणि निसटते. शिवाय निसटत होते ते एकाच चक्रावर, जे आम्ही रोज वापरत होतो. न्यायशास्त्रात ज्याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात, तो हाच. ते चक्र आणि जोर असला की घसरण आहे; दोहोंतले एक नसले की घसरण नाही. लहानपणी घोकलेले हे शास्त्र त्या पोराशी बोलताना आम्हांस आठवले नाही!

आता नेमाकडे वळू. आमचा क्रोध कीर्तनात उठत नाही, पूजेत उठत नाही. पण ते स्टँडवरचे चालणे. तिथे भार कसला? तो उठतो, जेव्हा वयाने लहान माणूस आपली चूक दाखवतो. इतकी वर्षे 'महाराज, महाराज' ऐकून, हार घालून घेऊन तो दाता झिजला आहे. त्यावर आषाढीची नवी साखळी कशी टिकावी?

येथे कोणी म्हणेल, "मग दोष सवयीचा, माणूस सुटला." नाही. दाते झिजवले कोणी? ज्या चक्रावर आम्ही रोज जोर दिला, तेच झिजले. झीज दिसत नव्हती म्हणून ती आमची नव्हती, असे होत नाही. म्हणून नेम मोडला की अधिक कडक नेम घेण्याची घाई करू नये. कुठल्या चढावर निसटतो, ते आधी पाहावे. ढिलाई थोडी असेल, तर पाव फेरा पुरे. दाता गेला असेल, तर रोजची वागणूकच बदलावी लागते. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली. सहाव्या अध्यायावर बोलताना त्यांनी जीवनातील परिमिततेचा, म्हणजे मोजून-मापून राहण्याचा, विचार मांडला आहे. माप घेतल्यावाचून सुधारणा नाही, हे आम्हांस पट्टीने शिकवले.

धुळ्यास परतताच त्या मुलाकडे गेलो आणि ज्या चार माणसांदेखत बोललो, त्यांतले दोघे तिथे होते, त्यांच्यासमोरच क्षमा मागितली. तो लाजला, चहा मागवला. मागची चक्रे त्याच्याकडूनच बदलून घेतली. आता लळिंगच्या चढावर साखळी धरते. कोणी चूक दाखवली, की उत्तर देण्याआधी त्याचे पुरते ऐकायचे, एवढाच नवा नेम आहे. तो धरतो की निसटतो, हे मात्र अजून चढावर पाहायचे आहे.

रामकृष्णहरि.